वाटाड्या चुकतो कोठे?

नागपूरहून निघालेल्या मोटारीस समृद्धी महामार्गाच्या सातशे किलोमीटरांवर एकदाही न चुकता जे यंत्र वाट दाखविते, आणि कोणत्या मुक्कामास किती वाजता पोहोचू याचा अदमास पाच-दहा मिनिटांच्या फरकाने बांधून देते, तेच यंत्र मोटार मुंबईत शिरून जे. जे. उड्डाणपुलाच्या तोंडाशी आली म्हणजे एकाएकी गांगरते. गाडी पुलाखालच्या मोहम्मद अली रस्त्यावर असते, परंतु यंत्र तिला पुलावर समजते आणि जेथे वळावयाचे ते नाके मागे पडले तरी ‘सरळ चला’ एवढेच सांगत राहते; पुढे नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींत तर पडद्यावरील निळा बाण रस्ता सोडून भिंतींच्या आरपार चालू लागतो, आणि एखादे वेळी क्षणभर अरबी समुद्रातही उतरतो. वीस हजार किलोमीटरांवरून ज्यास आपली मोटार सापडते, त्यास ती शेवटच्या वीस मीटरांत का सापडू नये?

उपग्रह वरून आपल्या गाडीवर नजर ठेवून असतो, आणि ढग, पाऊस किंवा इमारत आड आली की त्याची नजर चुकते, असे या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ऐकावयास मिळते. हे उत्तर जितके सोपे तितकेच निराधार आहे. ढग आणि पाऊस उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओलहरींच्या वाटेत जवळजवळ येतच नाहीत, आणि नजर ठेवण्याचे म्हणाल तर या उपग्रहांना डोळेच नाहीत. ते वेळ सांगतात आणि आपण स्वतः कोठे आहोत ते सांगतात. याहून अधिक काही करीत नाहीत. त्या सांगण्यावरून आपले ठिकाण काढणे, ते ठिकाण रस्त्यावर बसविणे आणि त्या रस्त्यावरून पुढची वाट निवडणे ही सर्व कामे खाली, मोटारीतल्या किंवा खिशातल्या यंत्रात आणि दूरच्या संगणकांत होतात. वाटाड्याच्या ज्या चुकांबद्दल आपण उपग्रहास बोल लावतो, त्यांतील बहुतेक चुका या खालच्या दप्तरातल्या असतात असे माझे मत आहे, आणि पुढील विवेचनावरून ते वाचकांस पटावे.

बोलणारे पुष्कळ, ऐकून घेणारा कोणी नाही

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस या व्यवस्थेचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी आकाशात गेला आणि १९९५ साली ती व्यवस्था पूर्णपणे कामास लागली. आज तिचे सुमारे तीस उपग्रह सहा निरनिराळ्या कक्षापातळ्यांत, जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, ११ तास ५८ मिनिटांत एक याप्रमाणे पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू अशा तशाच आणखी तीन जागतिक व्यवस्था आहेत. भारताची ‘नाविक’ ही व्यवस्था आपल्या उपखंडापुरती आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशापुरती आहे. मोबाइलमध्ये आपण ज्यास सरसकट जीपीएस म्हणतो, ते यंत्र बहुधा यांपैकी अनेकांचे एकाच वेळी ऐकत असते.

या सर्वांचा व्यवहार एकतर्फी आहे. उपग्रह बोलतो, यंत्र ऐकते. यंत्र उपग्रहास काहीही कळवीत नाही, आणि खाली दहा जण ऐकत आहेत की दहा कोटी, याची त्यास वार्ताही नसते. आपला ठावठिकाणा जर कोणास कळत असेल, तर तो मोबाइलच्या जाळ्यातून, आपण ज्या अॅपला मुभा दिली त्याच्यामार्फत कळतो. त्यात उपग्रहाचा काडीचाही हात नाही.

ही व्यवस्था मूळची लष्करी. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात येऊन २६९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ही व्यवस्था नागरी उपयोगासाठी खुली होईल असे जाहीर केले. खुली झाली ती मात्र हातचे राखून. नागरी वापराच्या संकेतात जाणूनबुजून चूक मिसळण्यात येई, त्यामुळे दाखविलेले ठिकाण शंभर मीटरपर्यंत भलतीकडे जात असे. मे २००० च्या आरंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगातील प्रत्येक यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी अचूक झाले. मोटारीतील वाटाड्या घरोघर पोहोचला तो त्यानंतर.

माळावरचे टोल

केवळ वेळ ऐकून ठिकाण कसे कळते, हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी आपण थोडा वेळ एखाद्या विस्तीर्ण, सपाट माळावर जाऊन उभे राहू. दाट धुके पडले आहे, दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. माळाच्या कडेने तीन गावे आहेत आणि प्रत्येक गावी कचेरीपुढे एक पितळी तास टांगलेला आहे. तिन्ही कचेऱ्यांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत मिळविलेली आहेत, आणि तिन्ही तासांचा नाद असा वेगळा आहे की कानास सवय झालेला मनुष्य ऐकताक्षणीच गाव ओळखतो. ठीक बाराच्या ठोक्यास तिन्ही शिपाई एकदमच टोल देतात.

आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. आपल्या मनगटावरील घड्याळाप्रमाणे पहिल्या गावचा टोल बारा वाजून सहा सेकंदांनी ऐकू आला, तर ते गाव दोन किलोमीटरांहून किंचित अधिक अंतरावर आहे हे ठरले. कोणत्या दिशेस ते मात्र ठरले नाही. म्हणून नकाशावर त्या गावाभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. आपण त्या वर्तुळावर कोठेतरी आहोत. दुसऱ्या गावाचा टोल नऊ सेकंदांनी आला. त्याभोवती दुसरे वर्तुळ. ही दोन वर्तुळे एकमेकांस दोन ठिकाणी छेदतील आणि तिसऱ्या गावाचे वर्तुळ त्या दोहोंपैकी एक निश्चित करील. एवढ्यात काम झाले असे वाटेल.

परंतु आपले मनगटावरील घड्याळ एक सेकंद पुढे असले तर? मग तिन्ही टोल आपणास एकेक सेकंद उशिरा आल्यासारखे वाटतील, तिन्ही वर्तुळे ३४० मीटरांनी फुगतील, आणि ती एका बिंदूत न मिळता त्यांच्यामध्ये एक लहानसा त्रिकोण उरेल. येथेच या युक्तीतील सौंदर्य आहे. तिन्ही कचेऱ्या बरोबर आहेत याविषयी आपली खात्री असल्यामुळे त्रिकोणाचा दोष आपल्याच घड्याळाचा, हे उघड होते; तेव्हा तिन्ही वर्तुळे सारख्याच मापाने आकसत जावी, आणि ती ज्या क्षणी एका बिंदूत मिळतील तो बिंदू आपले ठिकाण व जितकी आकसली ती आपल्या घड्याळाची चूक. हातातले घड्याळ भिकार असले तरी चालते. ते ऐकता ऐकताच दुरुस्त होते.

माळ सपाट होता म्हणून तीन टोल पुरले. प्रत्यक्षात उंचीही अज्ञात असते, वर्तुळांच्या जागी गोल येतात, आणि म्हणून किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात: तीन ठिकाणासाठी आणि एक घड्याळासाठी. शिवाय कचेऱ्या जागच्या हलत नाहीत, उपग्रह मात्र सेकंदास जवळजवळ चार किलोमीटर धावतो. म्हणून प्रत्येकास आपल्या टोलाबरोबर आपली कक्षाही सांगावी लागते. ही कक्षेची माहिती उपग्रहास जमिनीवरूनच पुरविली जाते. हवाई, असेन्शन, हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया अशा ठिकाणच्या केंद्रांवरून प्रत्येक उपग्रहाची सतत तपासणी होते आणि कोलोरॅडोतील मुख्य केंद्र हिशेब करून सुधारलेले आकडे वर पाठविते.

नॅनोसेकंदाचा हिशेब

माळावर एका सेकंदाची चूक ३४० मीटरांस पडली. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने जातात. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यावयास त्यांना सेकंदाचा सुमारे पंधरावा हिस्सा लागतो. येथे एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक ३०० मीटरांस पडते, आणि त्याच्याही हजाराव्या भागाची, म्हणजे एका नॅनोसेकंदाची, ३० सेंटिमीटरांस. या कामी साधी घड्याळे चालणे शक्यच नव्हते; म्हणून प्रत्येक उपग्रहात रुबिडियम किंवा सीझियम या मूलद्रव्यांच्या अणूंवर चालणारी आण्विक घड्याळे असतात, आणि एक बंद पडले तर दुसरे हाताशी असावे अशी तजवीज केलेली असते. ती बंद पडली म्हणजे काय होते याचा अनुभव आपल्या ‘नाविक’ने घेतला आहे. तिच्या पहिल्याच उपग्रहाची परदेशातून आणलेली घड्याळे बिघडली आणि तो इतर सर्व बाबतींत धडधाकट असूनही ठिकाण सांगण्याच्या कामी निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

इतक्या सूक्ष्म हिशेबात आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धान्तासही हजेरी लावावी लागते. वेगाने धावणारे घड्याळ सावकाश चालते, त्यामुळे उपग्रहावरील घड्याळ दिवसास सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उलट पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून दूर असलेले घड्याळ जलद चालते, त्यामुळे तेच घड्याळ सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी करता ३८ मायक्रोसेकंदांची आघाडी उरते, आणि अंतरांच्या मोजणीत ती दिवसास ११ किलोमीटरांहून अधिक भरते. १९७७ साली एनटीएस-२ हा चाचणीचा उपग्रह सोडला तेव्हा त्याचे घड्याळ प्रथम काही दिवस मुद्दाम दुरुस्तीविना चालू देण्यात आले. आणि त्याने घेतलेली आघाडी सिद्धान्ताने वर्तविलेल्या आकड्याशी जवळजवळ जुळली. तेव्हापासून उपग्रहावरील घड्याळे जमिनीवर असतानाच किंचित मंद लावून ठेवतात, म्हणजे वर गेल्यावर ती बरोबर चालतात.

गोंगाटातून नाद ओळखणे

उपग्रहाचा संकेत खाली पोहोचेपर्यंत किती क्षीण होतो याची कल्पना करणे कठीण आहे. एका वॉटचे एकावर सोळा शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील एखाद-दुसरा भाग मोबाइलच्या वाट्यास येतो, आणि आसपासच्या विद्युत्-गोंगाटात तो पूर्णपणे बुडालेला असतो. तो हुडकण्याची युक्ती माळावरच्या त्या तीन तासांच्या वेगळ्या नादांतच आहे. जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहास १,०२३ चिन्हांची एक ठरावीक माळ नेमून दिलेली आहे आणि ती तो सेकंदास हजार वेळा आळवीत असतो. यंत्राजवळ त्या सर्व माळांच्या नकला असतात. ते आपली नक्कल मागेपुढे सरकवून आलेल्या गोंगाटाशी ताडून पाहते. जेथे ती नेमकी बसते तेथे गोंगाट परस्परांस मारून जातो, नाद तेवढा उमटून येतो, आणि नक्कल किती सरकवावी लागली त्यावरून विलंब कळतो.

त्याच्याच जोडीला उपग्रहाची कक्षा सांगणारा मजकूर सेकंदास अवघ्या ५० अंकांच्या संथ गतीने येत असतो. एका उपग्रहाचा आवश्यक तपशील पुरा ऐकावयास अर्धा मिनिट, आणि सर्व उपग्रहांचे स्थूल पंचांग ऐकावयास साडेबारा मिनिटे लागतात. जुन्या मोटारींतील यंत्रे दीर्घ मुक्कामानंतर बराच वेळ चाचपडत, त्याचे कारण हे. मोबाइल हा मजकूर इंटरनेटवरून क्षणात मागवून घेतो. म्हणूनच हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, जेथे रेंज नाही, तेथे तोच मोबाइल ठिकाण सांगावयास वेळ घेतो. परंतु सांगतो खरा, कारण ठिकाण काढण्यासाठी इंटरनेटची गरज नाही. गरज असते ती नकाशाला, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर तीही राहत नाही.

वाटेतले आकाश

आता चुकांकडे वळू. माळावर हवा सर्वत्र सारखी आहे असे आपण गृहीत धरले होते. एखाद्या बाजूस ती वेगळी असती तर त्या बाजूचा टोल आधी किंवा उशिरा येऊन आपले वर्तुळ चुकते. आकाशात हेच घडते. जमिनीपासून सुमारे साठ किलोमीटरांवर सुरू होऊन हजार किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या आयनावरणात सूर्याच्या प्रखर किरणांनी अणू फुटून विद्युत्-भारित झालेले असतात, आणि त्यांतून जाताना संकेतास विलंब होतो. हा विलंब रात्री अल्प, भर दुपारनंतर सर्वाधिक, आणि सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षांत आणखी अधिक असतो.

आपल्या देशास ही अडचण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त भोगावी लागते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. १९६३ मध्ये पहिले अग्निबाण उडविण्यासाठी केरळातील थुंबा हे गाव निवडले गेले ते याच कारणाने. या रेषेवरील विद्युत्-भारित द्रव्य दिवसा वर उचलले जाते आणि दोन्ही अंगांनी काही अंशांवर येऊन साचते. उत्तरेकडील तो साठा गुजरात आणि मध्य भारताच्या डोक्यावर पडतो. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठतात आणि संकेत थरथरू लागतात. यंत्रे एका ठोकळ सूत्राने या विलंबाची साधारण निम्मी दुरुस्ती करतात. यावर खरा उपाय दोन निरनिराळ्या लहरींवर एकदम ऐकण्याचा: विलंब लहरीगणिक वेगळा पडतो, म्हणून दोहोंची तुलना केली की तो जवळजवळ पुरता वजा करता येतो. असे दोन लहरींवर ऐकणारे मोबाइल २०१८ पासून मिळू लागले. विमानांसाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ‘गगन’ ही व्यवस्था उभारली आहे. ज्यांचे ठिकाण आधीच अचूक ठाऊक आहे अशा जमिनीवरील केंद्रांत दिसलेली चूक मोजून तिची दुरुस्ती ती भूस्थिर उपग्रहांमार्फत प्रसारित करते.

> चौकट: कोणाच्या खात्यावर किती?
>
> उपग्रहाचे घड्याळ व कक्षा: सामान्यतः एक-दोन मीटर.
>
> आयनावरण: दुरुस्ती न केल्यास काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत.
>
> हवेचा खालचा थर: उपग्रह डोक्यावर असता सुमारे २.४ मीटर, क्षितिजाकडे असता पुष्कळ अधिक, यातील बहुतेक भाग गणिताने वजा होतो.
>
> इमारतींवरील परावर्तन: मोकळ्यावर एखाद-दुसरा मीटर, उंच इमारतींच्या दाटीत दहा-वीस मीटर आणि त्याहूनही अधिक.
>
> सर्व मिळून, मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल: सुमारे ५ मीटर.
>
> नकाशातील चूक: मर्यादा नाही.

नरिमन पॉइंट आणि नागपूरचा वर्धा रस्ता

मोकळ्या महामार्गावर पाच मीटरांची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. शहरात मात्र दोन गोष्टी एकदम बिघडतात. पहिली म्हणजे प्रतिध्वनी. माळाच्या एका अंगास डोंगर असता आणि गावचा सरळ आवाज मध्येच टेकडीने अडविला जाऊन डोंगरावर आपटलेला तेवढा कानी आला असता, तर आपण तो लांबून आलेला समजून गाव दूर आहे असे धरले असते. काचेच्या आणि काँक्रीटच्या उंच भिंती हेच करतात. कित्येक वेळा थेट संकेत पूर्णपणे अडतो आणि समोरच्या इमारतीवरून परतलेला तेवढा पोहोचतो. यंत्रास तो खरा की परतलेला हे सांगणारी खूण फारशी नसते.

दुसरी गोष्ट गावांच्या मांडणीची. तिन्ही गावे एकाच बाजूस असती, तर त्यांची वर्तुळे एकमेकांस तिरपी, जवळजवळ घासत छेदली असती आणि थोड्याशा चुकीनेही छेदबिंदू दूरवर सरकला असता. उंच इमारतींमधील अरुंद रस्त्यावरून आकाशाची एक लांबट पट्टी दिसते; रस्त्याच्या दोन टोकांकडील आणि माथ्यावरील उपग्रह ऐकू येतात, दोन्ही कुशींकडील नाहीत. परिणाम असा होतो की रस्त्याच्या लांबीत ठिकाण बरे सापडते, रुंदीत मात्र वाईट. आणि म्हणून बाण पुढे-मागे न चुकता शेजारच्या समांतर गल्लीत उडी मारतो. पडद्यावर बाणाभोवती जे फिकट निळे वर्तुळ फुगते ते यंत्राने स्वतःच बांधलेला आपल्या चुकीचा अंदाज असतो, आणि वळण तोंडावर आले असता त्याकडे पाहण्याची सवय लावून घेण्याजोगी आहे.

उड्डाणपुलाचे कोडेही याच मांडणीत सुटते. सर्व उपग्रह डोक्यावर असतात. पायाखालून कोणी बोलत नाही, कारण मध्ये सबंध पृथ्वी असते. वरून येणाऱ्या सर्वच संकेतांत सारखा उशीर दिसला, तर आपण खाली आहोत की आपले घड्याळ चुकले आहे याचा निवाडा यंत्रास नीट करता येत नाही, आणि ही संदिग्धता सगळी उंचीच्या माथी बसते. आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट चूक उंचीत असते ती यामुळे. पूल आणि त्याखालचा रस्ता यांत जेमतेम आठ-दहा मीटरांचे अंतर. तेवढा भेद ओळखणे या हिशेबास पेलणारे नाही. नागपूरच्या वर्धा रस्त्यावर तर एकाच खांबांच्या रांगेवर मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे, खाली मूळचा रस्ता आहेच. अशा ठिकाणी यंत्र उंची पाहून ठरवीत नाही, तर गाडी चढावाच्या फाट्याकडे वळली का, वेग किती आहे, सिग्नलला थांबली का, यांवरून तर्क करते. आणि तर्क एकदा चुकला की पूल संपेपर्यंत तो सुधारण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

उपग्रहावाचून चालणे

मुंबईच्या किनारी रस्त्याचे मलबार हिलखालील जुळे बोगदे सुमारे दोन किलोमीटर लांब आहेत. तेथे एकही उपग्रह ऐकू येत नाही, तरी बाण पुढे सरकत राहतो. ही जुन्या नावाड्यांची रीत आहे: शेवटी कोठे होतो, कोणत्या दिशेस, किती वेगाने आणि किती वेळ चाललो, यांवरून आता कोठे असू हे काढावयाचे. मोटारीत बसविलेल्या यंत्रास चाकांचे फेरे थेट मोजता येतात आणि वळण ओळखणारा घूर्णदर्शकही असतो. मोबाइलला चाकांची खबर नसते, म्हणून लांब बोगद्यात तो लवकर भरकटतो, आणि आत वाहने तुंबली तर बाहेरच्याच वेगाने आपण पुढे गेलो असे समजून बसतो. या रीतीत प्रत्येक लहान चूक पुढच्या हिशेबात मिळविली जाते, कमी कधी होत नाही. तरीसुद्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात विक्रीस आलेला ‘ईटॅक’ हा मोटारीचा वाटाड्या एकाही उपग्रहाचे साह्य न घेता चालत असे. होकायंत्र, चाकांवरील मापके आणि कॅसेटवर भरलेला नकाशा एवढी त्याची सामग्री. आणि साचत जाणारी चूक तो नकाशाशी रुजवात घालून वेळोवेळी पुसून टाकी. गाडी वळली ती रस्त्यावरच वळली असली पाहिजे, हे त्याचे गृहीतक.

रस्ता नकाशातला आणि रस्ता जमिनीवरचा

आजचे प्रत्येक यंत्र हेच गृहीतक वापरते. उपग्रहांवरून काढलेला बिंदू शेतात पडला तरी ते त्यास उचलून जवळच्या रस्त्यावर बसविते, आणि म्हणून आपणास बाण सदैव रस्त्याच्या मधोमध, प्रत्यक्षाहून अधिक नेटका दिसतो. ही सोय मोठी, परंतु तिची किंमत अशी की जेथे महामार्ग आणि त्याचा सेवारस्ता शेजारी-शेजारी धावतात तेथे यंत्र खात्रीच्या स्वरात भलत्याच रस्त्यावर बसते. आणि रस्ता नवा असेल, नकाशात चढलेला नसेल, तर बाण जुन्या रस्त्याकडे ओढ घेत शेतातून तळमळत जातो.

याहून गंभीर चुका त्या, ज्यांत ठिकाण अगदी बरोबर असते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यातील पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा बळी गेला. नकाशाने दाखविलेला रस्ता खोटा नव्हता. तो तेथे आहे, पुलासकट आहे. परंतु धरणाचे पाणी चढले की वर्षातले काही महिने तो पाण्याखाली असतो, आणि गावकऱ्यांना ते ठाऊक असल्यामुळे त्या दिवसांत त्यांची वहिवाट दुसरीकडून असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे मृत्यू पावले. त्या पुलाचा एक भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता आणि नकाशात पूल अखंड होता. या दोन्ही ठिकाणी उपग्रहांनी आपले काम चोख केले होते. रस्ता बंद झाला हे ज्या कचेरीच्या दप्तरी प्रथम नोंदले जाते तेथून ते नकाशापर्यंत पोहोचविणारी बिनचूक वाट आपल्याकडे अद्याप घातली गेलेली नाही, आणि जमिनीवर दगडमातीचा आडवा बांध व त्यापुढे दिवा ही जुनी खबरदारीही पुष्कळदा घेतली जात नाही. दोष वाटून द्यावयाचा तर पहिला वाटा तेथे जातो.

राहिले वाट निवडण्याचे काम. एडस्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली आम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात कॉफी घेताना, कागद-पेन्सिलीवाचून, सुमारे वीस मिनिटांत त्याची मूळ रीत योजिली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रत्येक नाक्यापासून पुढच्या नाक्यापर्यंत जावयास किती वेळ लागतो ते मांडून, सर्वांत थोड्या वेळात पोहोचता येणारे नाके आधी, त्यानंतरचे त्यापुढे, अशा क्रमाने आरंभस्थानाभोवती हद्द वाढवीत नेली म्हणजे मुक्काम गाठला जाईल तो सर्वांत जलद मार्गानेच. आजच्या यंत्रांत तिच्या पुष्कळ सुधारलेल्या आवृत्त्या आहेत, पण त्यांच्या हाती असणारे आकडे तेवढेच: लांबी, रस्त्याचा दर्जा आणि वेग. दोन मिनिटे वाचतात म्हणून यंत्रे मोठी मोटार अशा गल्लीत घालतात, जिच्यातून तिला दोन्ही आरसे मिटूनच जाता यावे, कारण गल्लीची रुंदी त्यांच्या कोष्टकात बहुधा नसते.

वेगाचा आकडा तर आपणच पुरवितो. त्या रस्त्यावरून चाललेल्या मोबाइलांचा वेग गोळा करून वाहतूक मोकळी की तुंबलेली हे ठरते, आणि पडद्यावर रस्ता निळा किंवा तांबडा होतो. पूर्वी याच वारी याच वेळी काय घडले होते, तेही हिशेबात धरले जाते, त्यामुळे मोठ्या शहरातील सायंकाळची गर्दी यंत्रास आधीपासून ठाऊक असते. परंतु ज्या गावच्या रस्त्यावरून दिवसाकाठी मोजकीच वाहने जातात, तेथे आठवडी बाजार भरून रस्त्याच्या मधोमध भाजीच्या पाट्या मांडल्या गेल्या, तरी मोबाइल घेऊन आलेल्या दोन-चार गाड्या त्या बाजारात अडकून त्यांचा वेग शून्यावर येईपर्यंत यंत्रास त्याची खबर लागण्याचे काही साधन नाही.